तंबूतील पहिली रात्र

साठी ओलांडलेल्या दांपत्याने तंबूत राहू नये, असे मी म्हणणार नाही. हिवाळ्यात शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली किंवा दौंडचा भीमाकाठ मन प्रसन्न करतो. मात्र सामान भरताना आपण आधी रात्रीचा विचार करावा.

उतारवयात रात्री एक-दोनदा लघवीसाठी उठावे लागते. शिरूर-दौंड हा उसाचा प्रदेश. उसात बिबट्याचा वावर, बांधावर सापांचा. म्हणून तंबू उसापासून दूर, एखाद्या कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात, स्वच्छतागृहाजवळ असावा. झाकणाचे मूत्रपात्र, दोन विजेऱ्या, काठी, बंद बूट आणि कानटोपी हाताशी ठेवावी. बूट झटकूनच घालावेत. एकट्याने बाहेर पडू नये. जोडीदाराला जागे करण्यात संकोच कसला?

शिदोरी साधी असावी: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. रात्रीचे जेवण लवकर उरकावे. पाणी दिवसा पुरेसे, झोपण्यापूर्वी बेताने प्यावे. मधुमेह असल्यास साखर उशाशी ठेवावी. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी.

सर्पदंश झाल्यास आवळून बांधू नये, जखमेवर चिरा देऊ नये. रुग्णाला चालू न देता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शिरूर किंवा दौंडचे सरकारी रुग्णालय गाठावे.

एवढी सिद्धता असली, की पहाटेची मोरांची केका दोघांनाही निश्चिंतपणे ऐकता येईल.