बाबांचा बिननावाचा रेडिओ

आमच्या माळ्यावर एक व्हॉल्वचा रेडिओ पडून होता. लाकडी खोका, पुढे कळकट कापड, स्टेशनांची काच फुटून गेलेली. कंपनीचे नाव त्या काचेवरच असावे, कारण बाकी कुठे काही नव्हते. तरी घरात त्याला मान होता. परमपूज्य बाबासाहेब गेल्याची बातमी चाळीने याच रेडिओवर ऐकली, असे आम्ही भाऊ लहानपणापासून समजत होतो. गेल्या वर्षी ६ डिसेंबरला विहारात जुन्या वस्तू मांडायचे ठरले, तेव्हा आम्ही तो देऊ केला. पाटीही पुतणीने सुरेख अक्षरात लिहिली. मग वाटले, मुका कशाला ठेवायचा?

धाकट्याने आयटीआयला रेडिओचे काम शिकलेले. पण व्हॉल्वचा सेट त्यानेही कधी उघडला नव्हता. नाव नसले तरी व्हॉल्व सांगतात. अक्षरे पुसट झाली होती, तोंडाची वाफ सोडली की क्षणभर दिसत. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. ‘यू’ म्हणजे सगळ्यांची फिलामेंट एकाच माळेत, १०० मिलिअँपियरवर चालणारी. १९, १९, ५० आणि ३८ मिळून १२६ व्होल्ट. २३० मधले बाकीचे एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये तापून जातात. ट्रान्सफॉर्मर नाही. म्हणून आतला पत्रा थेट लाईनला जोडलेला. पिन उलटी बसली तर त्या पत्र्याला हात लावणे म्हणजे उघड्या तारेलाच हात लावणे. कुणाच्या घरी असा सेट असेल तर मुलांना मागचा पुठ्ठा काढू देऊ नका.

मीटर लावला. यूसीएल ८२ चे फिलामेंट तुटलेले, म्हणून सगळी माळच बंद. तसला व्हॉल्व लॅमिंग्टन रोडवर तिसऱ्या खेपेला मिळाला. तो बसवण्याआधी कागदी कंडेन्सर बदलले. ते गळके असले तर नवा व्हॉल्वही जळतो.

मोठा कंडेन्सर काढताना त्यावर ‘६०’ छापलेले दिसले. आम्ही म्हटले, मागाहून बदलला असेल. पण त्याचे सोल्डर कधी उचकटलेले नव्हते. मग स्पीकरच्या मागे बघितले. तिथेही १९६० चाच शिक्का. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. दोघेही गप्प बसलो. धाकटा हळूच म्हणाला, “विहारात मागून कोण बघणार आहे?” म्हणाला खरा, पण त्यालाच ते बरे वाटले नाही.

बाबा आता नाहीत. आत्याकडे गेलो. तिचे वय पंचाऐंशीच्या पुढे. ती हसली. “अरे, तो तुमच्या बाबानं गिरणीच्या बोनसमधनं घेतला, जुनाच. माझं लग्न होऊन गेलं होतं तवा. बातमी आम्ही इराण्याच्या हाटेलातल्या रेडिओवर ऐकली. म्हणजे बाप्यांनी ऐकली, आम्ही बाया रस्त्यात उभ्या. त्या दिवशी चाळीत चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी दादरला चालत गेलो, माझी एक चप्पल तिथंच गेली.”

“पण बाबा तर म्हणायचे...”

“तो म्हणायचा रेडिओवर ऐकली. ‘याच’ रेडिओवर, हे तुम्ही लावलंत.”

पुतणी पाटी बदलायला आधी तयार होईना, तिची मेहनत होती. शेवटी तिनेच लिहिले : ‘१९६० च्या सुमाराचा रेडिओ. कंपनी कळली नाही. गिरणीच्या बोनसातून घेतलेला.’

विहारात उंच टेबलावर ठेवला, पुठ्ठा स्क्रूने पक्का केला. बटण फिरवले. अर्धा मिनिट काहीच नाही, मग खरखर, आणि खरखरीतून मराठी बातम्या. मुले जमली. एकाने विचारले, “बाबासाहेबांची बातमी यावरच आली होती का?”

आत्याने खुर्ची रेडिओजवळ ओढून घेतली. “नाही रे,” ती म्हणाली, “बस इथं, सांगते.”