कातळातली दक्षिण

पाऊस उघडला की शहापूरजवळच्या आसनगावहून माहुलीच्या डोंगराचे सुळके धुऊन काढल्यासारखे दिसतात. नवरा, नवरी, भटजी अशी नावे लोकांनी त्यांना दिली आहेत. मुहूर्ताची वाट बघत वऱ्हाड खोळंबावे, तसे ते तिथे उभे आहेत. ह्या वाटेने जाताना होकायंत्र जवळ असावे, असे मला फार वाटते. वाट चुकू नये हे एक कारण झालेच. पण त्या सुईमुळे डोंगराशी बोलणे सुरू होते.

मोकळ्या माळावर सुई निमूट उत्तर दाखवते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एका अंशाचाही फरक नाही. सुई वरखाली फिरेल अशी टांगली, तर तिचे उत्तरेचे टोक पंचवीस-तीस अंश जमिनीकडे झुकते. सुमारे 2,900 किलोमीटर खोल, पृथ्वीच्या पोटात, वितळलेले लोखंड घुसळत असते. तिथून निघालेली ओढ शहापूरच्या माळावरच्या सुईला कळते.

उघड्या कातळाजवळ मात्र ती कधी कधी बिचकते. वीज पडलेल्या माथ्यावर तर जास्तच. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा पाषाण लाव्हा होऊन थरावर थर पसरला, निवत गेला, आणि निवताना त्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. ती आजच्या उत्तरेची नाही. त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. आजची सुई तेव्हा दक्षिणेकडे वळली असती. शिवाय ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. पुढे ती उत्तरेकडे सरकली, सरकताना थोडी वळली. म्हणून सह्याद्रीतल्या बहुतेक थरांतले चुंबकत्व आज दक्षिण-आग्नेयेकडे आणि जमिनीत तिरपे रोखलेले सापडते. 1956 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी भारतातल्या खडकांचे हे मोजमाप प्रसिद्ध केले; 1959 साली दख्खनच्या खडकांवर आलेल्या निबंधाच्या लेखकांत एक नाव सहस्रबुद्धे आहे. भूखंडे सरकतात, या कल्पनेला अशा दगडांनी मोठा आधार दिला.

आजची सुई जपण्याचीही आपली परंपरा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत्या. 1859 चे प्रचंड सौरवादळ तिथल्या उपकरणांनी टिपले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये हे काम अलिबागला नेले, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. एका सुईच्या शांततेसाठी केवढी ही काळजी!

कातळाच्या वाट्याला तशी काळजी येत नाही. शहापूर-मुरबाडच्या खाणींत सुरुंग उडतात, क्रशरमधून खडी पडते. खडीच्या प्रत्येक तुकड्यात चुंबकत्व शिल्लक असते, दिशा मात्र कायमची हरवते. दगड डोंगरात होता तेव्हा कोणते तोंड कुठे होते, हे आता कोण सांगणार? रस्ते आणि घरे लागणारच, त्याला माझा विरोध नाही. पण खाणीची प्रत्येक धार फुटण्याआधी दोन-चार दगडांवर उत्तर आणि उतार यांची खूण करून ते जपता येतील. शिक्षकांनो, पुढच्या सहलीला होकायंत्र घेऊन या, आणि मुलांना ते आधी माळावर, मग कातळाला टेकवून बघू द्या.