रोपट्याचा फोटो आणि विहिरीचं पाणी

परवा ५ जूनला, पर्यावरण दिनी, नेहमीप्रमाणे आमच्या तालुक्यातल्या एका कारखान्याची प्रेसनोट आली. साहेबांच्या हातात रोपटं, बाजूला गावचे पुढारी, मागे बॅनर. मी बातमी लावली. खोटं कशाला बोलू, दिवाळी अंकाला जाहिरातही त्यांचीच असते.

त्याच संध्याकाळी कारखान्यामागच्या वस्तीतले एक काका ऑफिसात आले. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. विहिरीचं पाणी, कोऱ्या चहासारखं.

"दादा, हे पण छापा की."

तक्रार केली का, विचारलं. "केली की. सरकारी साहेब म्हणतात पाहणी करू. कंपनी म्हणते सगळं नियमात आहे."

मग रात्री नियमच उघडून बसलो. केंद्र सरकारची २००६ ची ईआयए अधिसूचना. तिच्याखाली पर्यावरण मंजुरी मिळाली की कंपनीने पेपरात तशी जाहिरात द्यायची. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची, पंचायतीने ती ३० दिवस लावून ठेवायची. मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा. आणि हा अहवाल सार्वजनिक असतो. अर्ज केला तर कुणालाही मिळाला पाहिजे.

वाचता वाचता आठवलं. या कारखान्याची ती जाहिरात आमच्याच पेपरात आली होती. चौथ्या पानावर, खाली कोपऱ्यात. त्या पानाचं प्रूफ मीच वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. मजकूर काही डोक्यात शिरला नाही.

कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे, सरकारला त्याहून सोपं. पण "सगळं नियमात आहे" म्हणणाऱ्याला "कुठल्या नियमात, दाखवा" असं म्हणायला हातात कागद लागतो. तो मागायची सोय इतकी वर्षं होती. मी रोपट्यांचे फोटो छापत बसलो.

काल काकांसोबत बसून अर्ज लिहिला. मंजुरीपत्राची प्रत द्या, १ जूनचा अहवाल द्या, सांडपाण्याची अट कोणती ते सांगा. एक अर्ज ग्रामपंचायतीत, एक मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला. पंचायतीतला क्लार्क आधी हसला, मग शिक्का मारून पोच दिली.

यंदा दिवाळीची जाहिरात बहुतेक जाईल. जाऊ द्या.

उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो. तुमच्या गावाशेजारी असा कारखाना असेल तर ही पोस्ट नुसती लाईक करू नका. पंचायतीत जा आणि एवढंच म्हणा, मंजुरीपत्र दाखवा.