उलटी टोपी

टोपी घालतो एक माणूस आणि तिच्याकडे पाहतात दहा. म्हणून टोपीवरून जे वाद होतात, ते बहुधा घालणाऱ्यांचे नसतात, पाहणाऱ्यांचे असतात.

आमच्या लहानपणी शाळेच्या गणवेशात पांढरी गांधी टोपी असे. होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. ती उलटी घालावी म्हटले तरी घालता येत नसे! हल्ली मुलांच्या डोक्यावर दिसते ती टोपी निराळी. तिला कपाळावर पुढे आलेले एक कडक छप्पर असते, आणि कित्येक मुले ते छप्पर मानेवर फिरवून हिंडतात.

मी मुख्याध्यापक असताना सहलीला निघालेल्या तीन-चार मुलांनी अशा टोप्या घातलेल्या पाहून आमचे एक ज्येष्ठ सहकारी भलतेच संतापले. ‘उद्धटपणाची ही पहिली पायरी!’ असा त्यांनी निकाल दिला. आपली भाषाही त्यांच्याच बाजूची आहे. ‘टोपी फिरवणे’ म्हणजे पक्ष बदलणे, ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, ‘टोपी उडवणे’ म्हणजे थट्टा करणे! बिचाऱ्या टोपीच्या वाट्याला एकही चांगला अर्थ आलेला नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, “गुरुजी, ही टोपी जेथून आली, तेथे ती कोणी व का फिरवली, ते आधी पाहू या.”

ती आली अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावरून. १८४९ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर संघाचे खेळाडू गवताच्या विणलेल्या हॅट घालून खेळत. छपराची कापडी टोपी त्यानंतरची. उन्हात उंच उडालेला चेंडू पाहताना डोळे दिपू नयेत, हे त्या छपराचे काम. परंतु फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा एक खेळाडू असतो. आपल्या यष्टिरक्षकाचा तो भाऊच म्हणा ना! ताशी १४०-१५० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू तोंडावर बसला, तर दातांची धडगत नाही. म्हणून तो चेहऱ्यावर तारांच्या जाळीचा मुखवटा बांधू लागला. फ्रेडरिक थेअर नावाच्या गृहस्थाने १८७८ साली या मुखवट्याचे पेटंट घेतले. आता मुखवटा बांधायचा, तर कपाळावरचे छप्पर आड येणार; तेव्हा त्याने टोपी सरळ मागे फिरवली. त्यात ऐट नव्हती, काम होते.

पण उलटी टोपी साऱ्या जगाला ठाऊक करून देण्यात मोठा वाटा आहे तो केन ग्रिफी या खेळाडूचा. बापलेकांचे नाव एकच, म्हणून मुलाला धाकटा ग्रिफी म्हणतात. वडील सिनसिनाटीच्या संघातून खेळत. लहानगा केन हौसेने त्यांची टोपी डोक्यावर चढवी. तुम्हीही वडिलांच्या वहाणांत पाय घालून घरभर फिरला असालच! टोपी मोठी, डोके लहान. छप्पर घसरून डोळ्यांवर येई आणि पुढचे काही दिसेनासे होई. मग त्याने ती मागे फिरवली. वडिलांची टोपी डोक्यावर राहिली आणि वाटही दिसू लागली.

मोठा झाल्यावर टोपी मापाची मिळाली, तरी सवय राहिली. सामन्यात तो टोपी सरळ घाली. सरावाच्या वेळी मात्र उलटी. हे सर्वांना रुचले असे नाही. न्यूयॉर्क यांकीज या नामांकित संघाचे त्या वेळचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी १९९४ साली त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. अशाने खेळाचा मान राहत नाही, असा त्यांचा रोख होता. आमच्या गुरुजींना हे कळते, तर त्यांनी शोवॉल्टरना खास पत्र धाडले असते!

उन्हात टोपी उलटी घालणे मलाही पटत नाही. छप्पर मानेवर आणि नाक उन्हात, हा कोठला शहाणपणा? पण ज्या टोपीला खेळाचा अपमान म्हटले गेले, तिची सुरुवात एका मुलाने हट्टाने वडिलांची टोपी घालण्यात झाली होती. तेच बापलेक १९९० साली सिअ‍ॅटल मरिनर्स या एकाच संघातून खेळले. त्या वर्षीच्या १४ सप्टेंबरला वडिलांनी चेंडू कुंपणापार टोलवला आणि लगेच पुढच्या खेळीस आलेल्या मुलानेही तेच केले.

धाकट्या ग्रिफीने कारकिर्दीत असे ६३० टोले मारले. २०१६ साली कूपर्सटाउन येथे बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या मालिकेत त्याचा समावेश झाला. त्या समारंभात बोलताना त्याचा कंठ वारंवार दाटून येत होता. भाषण संपता संपता त्याने एक टोपी काढली आणि सर्वांदेखत उलटी घातली. वडील समोरच बसले होते. तेथील ब्राँझच्या फलकावर मात्र त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ आहे. संघाचे चिन्ह पुढच्या बाजूस असते ना!