सावलीचे घर

केप टाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर, प्रचंड गोल खडकांच्या आडोशाला पेंग्विन राहतात. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फ आठवतो. या आफ्रिकी पक्ष्याला मात्र ऊन छळते. १९८२ मध्ये येथे अवघ्या दोन जोड्या वसल्या.

पूर्वी बेटांवर साचलेल्या विष्ठेच्या जाड थरात हे पक्षी बिळे कोरीत आणि अंडी गारव्यात राहत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी तो थर खरवडून जहाजेच्या जहाजे भरली गेली. व्यापार तेजीत होता (आपण व्यापारी मंडळींनी येथे क्षणभर थांबावे), आणि पक्षी उघड्यावर आले. ऊन असह्य झाले की ते घरटे सोडून पाण्याकडे जातात. मागे कुरव पक्षी अंडी पळवतात. २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली.

अमेरिकेतील काही शाळांत मुले बर्फाच्या चिमुकल्या पेंग्विनसाठी कापूस, कागद, चकचकीत वर्ख यांचे घर बांधतात. वर तापलेला दिवा असतो. वेळ संपताच उरलेला बर्फ तोलतात. ज्याचे पारडे जड, त्याचे घर चांगले.

दक्षिण आफ्रिकेतील वसाहतींत ठेवलेल्या नव्या घरट्यांनाही दुहेरी भिंती आहेत, आणि हवा खेळावी म्हणून छिद्रे.