साठ की एकशेपाच

सांगली-तासगाव रस्ता आमच्या माधवनगरातूनच जातो, त्यामुळे कामं दोन्हीकडून येतात. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद, तासगावकडून बेदाणा आणि द्राक्षं. लग्नसराई ओसरली की स्टुडिओ यावरच चालतो. त्यासाठी निकॉनच्या दोन मॅक्रो लेन्स ठेवल्यात, ६० मिलिमीटर आणि १०५ मिलिमीटर.

दोन्ही लेन्स वस्तू सेन्सरवर एकास एक मापात उतरवतात. मग हलकी आणि स्वस्त ६० घेतली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण त्या मापाला ६० चं तोंड वस्तूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर येतं. १०५ पंधराच्या आसपास थांबते. सगळं इथे अडतं.

टेबलावर मला ६०च बरी वाटते. हळकुंड मोडून आतला केशरी गाभा दाखवायचा असतो, सौद्यात व्यापारीही तोच बघतात. वरून फोटो घ्यायला स्टँड फार उंच करावा लागत नाही. लेन्सची सावली मात्र मालावर पडते, म्हणून दिवा बाजूला अगदी खाली ठेवायचा आणि समोर थर्माकोलचा तुकडा उभा करायचा. बेदाणा जास्त छळतो. एकास एक मापात, एफ-११ ठेवलं तरी मिलिमीटरभरच भाग स्पष्ट येतो. वरच्या सुरकुत्या दिसतात, देठाकडची बाजू धूसर. ‘साठला जास्त डेप्थ मिळते’ असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. माप आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर दोन्हींत डेप्थ सारखीच. ६० मध्ये फक्त मागचा पसारा जास्त दिसतो. मी सरळ माप कमी करतो आणि एका बेदाण्याऐवजी चिमूटभर घेतो. पाकिटावर छापायला तेवढं पुरतं.

जुन्या मोडी कागदांच्या नकला काढायलाही ६० पहिली. ओळी कडेपर्यंत सरळ आणि रेखीव येतात. यात नवल नाही म्हणा. निकॉनने १९५६ साली पहिली मायक्रो-निक्कोर काढली ती ५ सेंटिमीटरची, आणि तीही जपानी लिपीतले दाट कागद मायक्रोफिल्मवर नीट उतरावेत म्हणून.

द्राक्षबागेत हीच लेन्स हात टेकते. डाऊनी रोगाचा पांढरा थर पानाच्या खालच्या बाजूला असतो. मांडवाखाली वाकून पाच सेंटिमीटरवर गेलं की पान लेन्सला घासतं, उजेड अडतो. तुडतुडे तर चाहूल लागताच तिरके सरकून पलीकडे जातात. तिथे १०५ आणि फ्लॅश लागतोच. पान तोडून टेबलावर आणलं तर डाऊनीचं काम ६०वर होतं, पण तोवर तुडतुडे कधीच पळालेले असतात.

नवी पोरं अंगठीच्या फोटोंसाठी कुठली घेऊ विचारतात. तुमचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल तर ६०च घ्या, त्यावर ती नव्वदीसारखी दिसते. बागेची कामं घेणार असाल तर मात्र १०५साठी पैसे साठवा.