दांतेरी पट्टा

अमेरिकेंतील आमच्या बिऱ्हाडीं १९८३ सालची एक पोर्श ९४४ आहे. तिच्या एंजिनांत झडपांची वेळ एक दांतेरी रबरी पट्टा सांभाळतो : क्रँकशाफ्टचे दोन फेरे, तेव्हां कॅमशाफ्टचा एक. पट्टा तुटला कीं झडपा दट्ट्यांवर आपटून वांकतात. गाडी उभी असली तरी रबर म्हातारें होतेंच. आमच्या वयाच्या मनुष्यास हें निराळें सांगावयास नको.

पट्टा आम्हीं स्वतः बदलला. प्राध्यापकाचे हात तेलकट झालेले पाहून घरांत हंसें झालें. खुणा जुळविणें सोपें. पुस्तकांत चित्रें आहेत. अवघड तो ताण. सैल पट्टा दांता चुकवितो, फार ताठ पट्टा पाण्याच्या पंपाचें बेअरिंग खातो. एंजिन थंड असतां मापयंत्रानें ताण पाहिला. मग स्पार्क प्लग काढून पान्यानें क्रँकशाफ्ट दोन फेरे हळूहळू फिरविला. चूक असेल तर हाताला अडथळा लागतो व तेथेंच थांबतां येतें. स्टार्टर थांबत नाहीं. इतकीं वर्षें व्याख्यानें दिलीं, पण आपल्या विधानाचा असा रोकडा पडताळा आम्हांस कधीं द्यावा लागला नव्हता.

अडथळा लागला नाहीं. खुणा जागेवर आल्या. तरी किल्ली मात्र आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळींच फिरविली.